विहिरीचे अक्षांश-रेखांश: अंश-मिनिट-सेकंदातून दशांशात आणि परत

वावरातली विहीर एकच असते, पण तिचे अक्षांश-रेखांश कागदावर तीन-चार वेगवेगळ्या रूपांत येतात. मोबाइलच्या नकाशात अक्षांश २०.७४५३ दिसतो. वनरक्षकाच्या हातातल्या जीपीएस यंत्रावर तोच २० अंश ४४.७१८ मिनिटे असा दिसतो. जुन्या सर्वेक्षणाच्या कागदावर २० अंश ४४ मिनिटे ४३.०८ सेकंद लिहिलेले असते. तिन्ही एकाच जागेचे आहेत, वर्धा शहरातल्या एका बिंदूचे. गणित चौथीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे. तरीही शेततळे, घरकुल, सौरपंप, सामूहिक वनहक्काची हद्द अशा कामांत बिंदू भलत्याच तालुक्यात जाऊन पडतात. बहुतेक वेळा कारण एकच असते: समोरचा आकडा कोणत्या रूपात आहे हे न पाहताच तो चौकटीत भरला जातो.

म्हणून या लेखात आधी रूप ओळखायला शिकू, मग बदलायला, आणि शेवटी तपासायला. सेतू केंद्र किंवा ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारे, रोजगार सेवक, जलसंधारणाची कामे करणारी मंडळी आणि स्वतःच्या शेताचा नकाशा करू पाहणारे कास्तकार या सगळ्यांना ते पुरावे.

एक सूचना आधीच. इथे आकडे आणि सूत्रे देवनागरीत छापली आहेत. संगणकात टाइप करताना आकडे, स्तंभांची अक्षरे आणि फलनांची नावे इंग्रजी कळफलकावरूनच टाका. मराठी कळफलकावरून टाकलेले आकडे बरेच प्रोग्राम आकडा न मानता मजकूर मानतात. मग सूत्र चूक दाखवते आणि कारण शोधण्यात तासभर जातो.

आधी रूप ओळखा

एका अंशात ६० मिनिटे आणि एका मिनिटात ६० सेकंद, म्हणजे एका अंशात ३,६०० सेकंद. घड्याळासारखेच. या पायावर लिहिण्याच्या तीन पद्धती उभ्या आहेत.

दशांश अंशात एकच आकडा असतो आणि टिंबानंतर पुष्कळ अंक असतात: २०.७४५३००. अंश आणि दशांश मिनिटे या पद्धतीत दोन आकडे असतात आणि टिंब दुसऱ्यात येते: २०° ४४.७१८′. गार्मिनची हातातली यंत्रे मुळात याच पद्धतीवर लावलेली येतात, त्यामुळे मेळघाट-ताडोब्याकडच्या नोंदवहीत हे रूप सापडले तर नवल वाटू देऊ नका. अंश-मिनिट-सेकंदात तीन आकडे असतात: २०° ४४′ ४३.०८″.

चौथे रूप यंत्राच्या पोटातले आहे. ट्रॅकर, ड्रोन किंवा जीपीएस मोड्यूलमधून काढलेल्या फाइलमध्ये २०४४.७१८० आणि ०७८३६.१३२० असे आकडे दिसतात. यात अंश आणि मिनिटे मध्ये कोणतीही खूण न ठेवता एकमेकांना चिकटवलेली असतात. टिंबाच्या लगेच आधीचे दोन अंक मिनिटांचे, त्याआधीचे सगळे अंशांचे. म्हणजे २० अंश ४४.७१८० मिनिटे आणि ७८ अंश ३६.१३२० मिनिटे.

फोटोतून काढलेले आकडे आणखी वेगळे दिसतात. मोबाइलने काढलेल्या फोटोत स्थानाची नोंद अंश, मिनिट, सेकंद अशा तीन तुकड्यांत साठवलेली असते. विंडोजमध्ये फोटोच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स या भागात ती २०; ४४; ४३.०८ अशी अर्धविराम देऊन दिसते. हे अर्धविराम म्हणजे दशांशाचे टिंब नव्हे. तो फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा आला असेल तर ही नोंद पुसली गेलेली असते. पाठवणाऱ्याला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे नोंद टिकते.

खरी पंचाईत होते ती खुणा गळालेल्या यादीची. कोणीतरी २० अंश ४४ मिनिटे ४३.०८ सेकंद घाईत २०.४४४३०८ असे उतरवून ठेवलेले असते. हा आकडा दिसायला अगदी दशांश अंशासारखा आहे, ऑनलाइन फॉर्मही तो मुकाट्याने स्वीकारतो. प्रत्यक्षात बिंदू अक्षांशात ०.३०१ अंश, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. रेखांशाचेही तसेच केले, म्हणजे ७८° ३६′ ७.९२″ चे ७८.३६०७९२ झाले, तर आणखी २५ किलोमीटर पश्चिमेला. वर्ध्याची विहीर नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात कळंबच्या बाजूला जाऊन बसते.

अशी यादी ओळखायची एक खात्रीची खूण आहे. एकाच गावातल्या तीस-चाळीस नोंदी घ्या आणि टिंबानंतरचा तिसरा-चौथा अंक मिळून होणारी जोडी पाहा. आकडे खरोखर दशांश अंशात असतील तर ती जोडी ०० ते ९९ कुठेही पडते, त्यामुळे ६७, ८३, ९१ अशा जोड्या हमखास दिसतात. पूर्ण यादीत एकही जोडी ५९ च्या वर जात नसेल तर ते दशांश नाहीत, टिंब देऊन लिहिलेले मिनिट-सेकंद आहेत. पहिल्या-दुसऱ्या अंकांवरून हे ठरवू नका. गाव लहान असल्यामुळे ते सगळ्या नोंदींत जवळपास सारखेच येतात.

हाताने एकदा करून पाहा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक उदाहरण कागदावर सोडवा, म्हणजे पुढे संगणकाने चुकीचे उत्तर दिले तरी डोळ्यांना खटकेल.

सेकंदांना ३,६०० ने भागा: ४३.०८ ÷ ३६०० = ०.०११९६७. मिनिटांना ६० ने भागा: ४४ ÷ ६० = ०.७३३३३३. दोन्ही अंशात मिळवा: २० + ०.७३३३३३ + ०.०११९६७ = २०.७४५३००. झाले.

उलट जाताना टिंबाच्या मागचा भाग ६० ने गुणा: ०.७४५३ × ६० = ४४.७१८. इथे थांबलात तर दशांश मिनिटांचे रूप मिळाले, २०° ४४.७१८′. पुढे जायचे असेल तर ४४ बाजूला ठेवा आणि ०.७१८ पुन्हा ६० ने गुणा: ४३.०८ सेकंद.

डोक्यातल्या डोक्यात ताळा असा करायचा: १५ मिनिटे म्हणजे पाव अंश (.२५), ३० मिनिटे म्हणजे अर्धा (.५०), ४५ मिनिटे म्हणजे पाऊण (.७५). आपली ४४ मिनिटे ४३ सेकंद पाऊण अंशाला थोडी कमी आहेत, तेव्हा उत्तर .७५ च्या किंचित खाली यायला हवे. .७४५३ आले, बरोबर. .४४ आले असते तर चूक तिथेच पकडली असती.

एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये

दोन-चार बिंदूंसाठी मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे. गावातल्या सगळ्या विहिरींची यादी असेल तर तक्ता करा.

१. ए स्तंभात विहिरीचे नाव किंवा गट क्रमांक. बी, सी, डी या स्तंभांत अक्षांशाचे अंश, मिनिटे, सेकंद. तिन्ही वेगवेगळ्या चौकटींत, कोणतीही खूण न लावता फक्त आकडे.

२. ई२ मध्ये सूत्र: =बी२+सी२/६०+डी२/३६००

३. ई स्तंभ निवडून आकड्याचे स्वरूप नंबर करा आणि दशांश स्थळे ६ ठेवा. हे चुकवू नका. स्तंभ अरुंद असला की एक्सेल आकडा गोल करून दाखवते, आणि चौकट कॉपी करून दुसऱ्या फॉर्ममध्ये चिकटवली की दिसणारा आकडाच जातो, आतला पूर्ण आकडा जात नाही. २०.७५ गेले तर बिंदू अर्ध्या किलोमीटरने सरकला.

४. रेखांशासाठी एफ, जी, एच स्तंभांत तसेच, आणि आय२ मध्ये =एफ२+जी२/६०+एच२/३६००

५. सूत्र खाली ओढा.

आकडे आधीच २०°४४'४३.०८" असे एकाच चौकटीत असतील तर कंट्रोल-एच दाबून अंशाची खूण, एकेरी अवतरण आणि दुहेरी अवतरण यांच्या जागी एकेक रिकामी जागा टाका. मग डेटा मेनूमधले टेक्स्ट टू कॉलम्स वापरा, विभाजक म्हणून स्पेस निवडा आणि लागोपाठचे विभाजक एकच मानण्याची खूण करा. इथे अडते ते खुणांच्या जातीवर. अवतरणे सरळ असतात तशी वळणदारही असतात. काही लोक सेकंदासाठी दोन एकेरी अवतरणे देतात. अंशाच्या खुणेऐवजी तिच्यासारखेच दिसणारे, पण खाली बारीक रेघ असलेले चिन्हही कुठे कुठे येते. बदली शून्य झाल्या असे एक्सेलने सांगितले तर टाइप करून शोधू नका, चौकटीतलीच खूण कॉपी करून शोधाच्या रकान्यात चिकटवा. सीएसव्ही फाइल उघडल्यावर अंशाच्या खुणेआधी टोपीवाले इंग्रजी ए दिसत असेल तर फाइल चुकीच्या लिपीसंचात उघडली आहे. डेटा मेनूतून ती पुन्हा आणा आणि यूटीएफ-८ निवडा. खूण स्वतः टाइप करायची असेल तर विंडोजमध्ये ऑल्ट धरून बाजूच्या आकड्यांच्या पाटीवर ०१७६ दाबा.

अंश-मिनिट-सेकंद मध्ये आडव्या रेघा देऊन कधीच टाइप करू नका. २०-१०-१५ हा गडचिरोलीच्या बाजूचा अक्षांश एक्सेलला २० ऑक्टोबर २०१५ ही तारीख वाटते. मिनिटे १२ च्या आत असली की हे होते, १२ च्या वर गेली की होत नाही. त्यामुळे यादीतल्या मोजक्याच ओळी बिघडतात आणि चटकन लक्षात येत नाहीत. अशी ओळ सापडली तर स्वरूप बदलून ती दुरुस्त होत नाही, मूळ कागदावरून पुन्हा भरावी लागते.

विसर्गासारखी दोन टिंबे मात्र उपयोगाची आहेत. २०:४४:४३.०८ टाइप केले की एक्सेल ते तास-मिनिट-सेकंद समजते आणि आत दिवसाचा भाग म्हणून साठवते. शेजारच्या चौकटीत त्याला २४ ने गुणा आणि स्वरूप नंबर करा, २०.७४५३ मिळते. स्वरूप बदलायला विसरलात तर तिथे भलतीच वेळ दिसेल. ही युक्ती रेखांशालाही चालते. ऋण कोनांना मात्र ती अडते, कारण नेहमीच्या मांडणीत एक्सेल ऋण वेळ दाखवत नाही. आपल्याकडे अक्षांश उत्तर आणि रेखांश पूर्व, दोन्ही धन, म्हणून अडचण येत नाही.

जीपीएस मोड्यूलच्या चिकटलेल्या आकड्यांसाठी, आकडा के२ मध्ये असेल तर: =इंट(के२/१००)+मॉड(के२,१००)/६०. इंट (INT) पूर्णांक भाग देते, मॉड (MOD) भागाकाराची बाकी. ०७८३६.१३२० चे पहिले शून्य एक्सेल गिळून टाकते, पण उत्तर बिघडत नाही: ७८ + ३६.१३२/६० = ७८.६०२२.

दशांशातून परत येताना ६० सेकंदांचा घोळ

उलट रूपांतरात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे २०° ४४′ ६०.००″ असे उत्तर. साठ सेकंद हा आकडा असूच शकत नाही, त्याचे एक मिनिट व्हायला हवे. हे घडते कसे ते पाहा. २०.७४९९९९ घ्या. मिनिटे निघतात ४४.९९९९४, त्यातली ४४ कापून घेतली. उरलेल्याचे सेकंद ५९.९९६४. आता दोन दशांशांवर गोल केले की ६०.०० झाले, पण मिनिटे आधीच ठरून गेलेली आहेत, त्यांना हातचा मिळत नाही. गोल करणे शेवटी ठेवले की हा घोळ होतोच.

उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. पूर्ण कोनाचे आधीच सेकंदाच्या शंभराव्या भागांत रूपांतर करा, तिथेच गोल करा आणि मग पूर्णांकांची वाटणी करा. दशांश अंश एल२ मध्ये आहे असे धरू.

एम२ मध्ये =राउंड(एल२*३६००००,०)
अंश: =इंट(एम२/३६००००)
मिनिटे: =इंट(मॉड(एम२,३६००००)/६०००)
सेकंद: =मॉड(एम२,६०००)/१००

आपल्या बिंदूवर चालवून पाहा. २०.७४५३ × ३,६०,००० = ७४,६८,३०८. यात ३,६०,००० वीस वेळा जातात आणि २,६८,३०८ उरतात. त्यात ६,००० चव्वेचाळीस वेळा जातात, ४,३०८ उरतात, म्हणजे ४३.०८ सेकंद. तो अडचणीचा २०.७४९९९९ टाकला तर एम२ मध्ये ७४,७०,००० येतात आणि उत्तर २०° ४५′ ०.००″. हातचा आपोआप मिळाला.

पायथॉन किंवा दुसऱ्या भाषेत लिहितानाही हीच चाल ठेवा. तिथे आणखी एक खाच आहे. दक्षिण किंवा पश्चिमेचा ऋण आकडा आला तर चिन्ह आधी बाजूला काढा, धन आकड्याची वाटणी करा आणि चिन्ह शेवटी लावा. तसे न करता −३३.८५ वर फ्लोअर (किंवा एक्सेलचे इंट) चालवले तर −३३ ऐवजी −३४ मिळते. विदर्भातल्या कामात ही वेळ येणार नाही, पण तुमचा प्रोग्राम उद्या दुसरा कोणी वापरेल.

टिंबानंतर किती अंक ठेवायचे

विदर्भाच्या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर आणि रेखांशाचा सुमारे १०४ किलोमीटर भरतो. उत्तरेकडे जावे तशा रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येतात, म्हणून तो कमी. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर.

आता शेतात उतरून विचार करा. एक एकर चौरस तुकडा असेल तर त्याची बाजू साधारण ६४ मीटर. सेकंद जवळच्या पूर्णांकात लिहिले, तर गोल करण्यातच १५ मीटरपर्यंत चूक शिरते. तेवढ्यात विहीर धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात जाते, आणि त्या वादाची सुरुवात टिंबानंतरच्या एका अंकात असते हे कोणाच्या लक्षात येत नाही. सेकंदाला निदान एक दशांश स्थळ हवेच (३ मीटर), दोन ठेवलीत तर उत्तम. दशांश मिनिटांना तीन स्थळे ठेवली की पावणेदोन-दोन मीटरपर्यंत नेमकेपणा येतो. दशांश अंशांना पाच स्थळे म्हणजे सुमारे १.१ मीटर, सहा म्हणजे ११ सेंटिमीटर. साठवताना सहा ठेवा. त्यापुढचे दहा-बारा अंक काही ॲप दाखवतात, त्यांना अर्थ नाही. मोकळ्या आभाळाखाली साध्या मोबाइलचे वाचनच तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असते. संत्र्याच्या दाट बागेत, मोहाखाली किंवा टिनाच्या गोठ्यात ते आणखी बिघडते. मोबाइल हातात धरून मिनिटभर थांबा, अचूकतेचा आकडा खाली येऊन स्थिर झाला की मग नोंद घ्या.

नकाशावर ताळा करा

रूपांतर केलेला प्रत्येक बिंदू नकाशावर पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. गूगल मॅप्सच्या शोधपट्टीत तिन्ही रूपे चालतात. २०.७४५३, ७८.६०२२ असे टाका, किंवा २० ४४.७१८, ७८ ३६.१३२ असे, किंवा खुणा आणि दिशेची इंग्रजी अक्षरे देऊन अंश-मिनिट-सेकंद टाका. अक्षांश नेहमी आधी. मूळ रूप एकदा टाका आणि रूपांतरित रूप एकदा टाका. पिन हलली नाही तर रूपांतर बरोबर. संगणकावर नकाशात उजवी कळ दाबली, किंवा मोबाइलवर बोट दाबून धरले, की त्या जागेचे दशांश अंश मिळतात.

गूगल अर्थ प्रोमध्ये टूल्स, ऑप्शन्स, थ्रीडी व्ह्यू इथे रूप बदलता येते. तिथे दशांश अंश, अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश मिनिटे असे पर्याय आहेत. एखादाच बिंदू बदलायचा असेल तर हाच सगळ्यात सोपा रस्ता: बिंदू एका रूपात ठेवा, सेटिंग बदला, दुसऱ्या रूपात वाचा.

संपूर्ण विदर्भासाठी एक कुंपण लक्षात ठेवा. अक्षांश साधारण १८.५ ते २२ आणि रेखांश ७५.७ ते ८१ यांच्या आतच यायला हवा. तक्त्यात या हद्दीबाहेरच्या ओळी लाल करण्याचा नियम लावा. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालेली ओळ त्यात लगेच सापडते. ७८.६ उत्तर, २०.७ पूर्व ही जागा नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहात, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर आहे. पण वर्ध्याचा बिंदू कळंबला नेणारी चूक या कुंपणाच्या आतच राहते. म्हणून आपल्या तालुक्याच्या चारही टोकांचे आकडे नकाशावरून काढा आणि त्यांचे एक लहान कुंपण करा. खरे काम तेच करते.

क्यूजीआयएसमध्ये

पूर्ण गावाचा नकाशा करायचा असेल, मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची, यादी असेल, तर क्यूजीआयएस हे नकाशे करायचे मोफत सॉफ्टवेअर वापरा. लेयर मेनूतून ॲड लेयर, मग ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर उघडा आणि सीएसव्ही निवडा. एक्सच्या रकान्यात रेखांश आणि वायच्या रकान्यात अक्षांश द्या. बोलताना आपण अक्षांश-रेखांश म्हणतो, त्यामुळे इथे उलट भरणारे खूप. गूगल अर्थच्या केएमएल फाइलमध्ये आणि जिओजेसनमध्येही रेखांश आधी येतो. स्तंभ अंश-मिनिट-सेकंदात असतील तर डीएमएस कोऑर्डिनेट्स या चौकटीत खूण करा, रूपांतर क्यूजीआयएस स्वतः करेल. संदर्भ प्रणाली ईपीएसजी ४३२६ निवडा, जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस ८४ चा हा क्रमांक.

फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये टू_डेसिमल, टू_डीएमएस आणि टू_डीएम अशी फलने आहेत. पहिले अंश-मिनिट-सेकंदाच्या मजकुराचे दशांश करते, उरलेली दोन उलट दिशेने जातात. टू_डीएमएसला आकड्यासोबत अक्ष सांगावा लागतो, रेखांशाला एक्स आणि अक्षांशाला वाय, आणि सेकंदांची दशांश स्थळेही. नवा स्तंभ दशांश संख्येचा ठेवा आणि त्याची प्रिसिजन ६ करा. ती शून्यावर राहिली तर सगळ्या विहिरींचा अक्षांश २१ होऊन बसतो.

जिथे रूपांतराचा दोष नसतो

गणित बरोबर, ताळा बरोबर, तरी सगळे बिंदू एकाच दिशेला शे-दोनशे मीटर सरकलेले दिसत असतील तर गोष्ट वेगळी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीगोलावर बेतलेले आहेत, जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ वापरते. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याच्या जागी जॉर्ज एव्हरेस्ट आला. तेव्हाच्या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचा जो अंदाज निघाला तो या नकाशांत आहे. पृथ्वीचा आकार आणि मध्य वेगळा धरला की त्याच जागेचे अंश-मिनिट-सेकंदही वेगळे येतात. साठ आणि छत्तीसशेच्या भागाकाराने हा फरक जात नाही. क्यूजीआयएसमध्ये त्या थराची प्रणाली कल्याणपूर १९७५, ईपीएसजी ४१४६, अशी सांगून मग ४३२६ मध्ये रूपांतर करावे लागते. नकाशाच्या समासात कोणता आधार लिहिला आहे ते आधी वाचा, कारण २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेले खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत.

आणि कागदावर २,५०,००० आणि २२,९५,००० अशा धर्तीचे मोठे आकडे असतील तर ते अंश नाहीतच, यूटीएमचे, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचे, मीटर आहेत. वरचे एकही सूत्र तिथे लावू नका. आपल्याकडे यात एक जादा अडचण आहे: ७८ पूर्व रेखांश विदर्भाच्या मधून जातो आणि यूटीएमचे दोन पट्टे तिथेच जुळतात. बुलढाणा, अकोला, वाशीम पट्टा ४३ मध्ये, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पट्टा ४४ मध्ये. यवतमाळ जिल्हा दोन्हीत वाटला गेला आहे, पुसद ४३ मध्ये आणि वणी ४४ मध्ये. अमरावती शहर ४३ मध्ये येते पण वरूड ४४ मध्ये. पट्टा ४३ साठी ईपीएसजी ३२६४३ आणि ४४ साठी ३२६४४. पट्टा चुकला तर बिंदू सहा अंश पलीकडे, सहाशे किलोमीटरवर जातो.

नोंदवहीत कसे लिहावे

मूळ वाचन जसे यंत्रावर दिसले तसेच, खुणांसकट, एका स्तंभात ठेवा आणि ते कधीही पुसू नका. शेजारी रूप कोणते ते शब्दांत लिहा: दशांश अंश, दशांश मिनिटे, की अंश-मिनिट-सेकंद. मग रूपांतरित अक्षांश, रूपांतरित रेखांश, वाचनाची अचूकता मीटरमध्ये, आणि नकाशावर पाहिले का याची खूण. ७ मिनिटे किंवा ५ सेकंद असतील तर ०७, ०५ असे दोन अंकी लिहा, म्हणजे पुढे कोणी खुणा गाळून उतरवले तरी आकडे एकमेकांत मिसळणार नाहीत. फोनवर सांगताना टिंब आणि अंश हे शब्द उच्चारून सांगा, आणि ऐकणाऱ्याकडून आकडा परत म्हणवून घ्या.